पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त हातात आलं. मी बोलले ते त्यात नाही, बोलले नाही ते आहे. काय करावं?

प्रश्न : सातवा_प्रभाग

नमस्कार. मी पश्चिम विदर्भातल्या एका क वर्ग, म्हणजे सर्वांत लहान वर्गाच्या, नगर परिषदेची सदस्य आहे. गावाचं नाव लिहीत नाही. मला गावाची बदनामी करायची नाही, काम करून घ्यायचं आहे. २ डिसेंबर २०२५ला मतदान झालं, २१ तारखेला निकाल लागला आणि मी ११२ मतांनी निवडून आले. त्याआधी जवळजवळ चार वर्षं आमच्याकडे प्रशासक होते. आम्ही वीस सदस्य, त्यातले तेरा माझ्यासारखे पहिल्यांदाच आलेले.

मी घरी शिवणकाम करते, मुलींना शिवण शिकवते. बारावी झाली आहे. वाचता येतं, हिशेब येतो. तरी पहिल्या सर्वसाधारण सभेत नेमकं काय चाललं आहे ते मला उमगलं नाही, आणि ते मनाला फार लागलं.

नोटीस पूर्ण सात दिवस आधी मिळाली, ते बरोबर झालं. शिपायाने घरी आणून दिली, सही घेतली. चार पानांची विषयपत्रिका, ३८ विषय. पण विषय म्हणजे एकेक ओळ. 'विषय क्र. १७ : स्वच्छता विभागाकडील प्राप्त दरांस मंजुरी देणेबाबत.' कशाचे दर, कोणाचे, किती रुपये, काही नाही. 'विषय क्र. २२ : पाणीपुरवठा योजनेवरील आकस्मिक खर्चास कार्योत्तर मंजुरी देणेबाबत.' खर्च किती, कधी केला, कुठे केला, काही नाही. आमच्याकडे पाचव्या दिवशी नळ येतो. पाण्यावर काय खर्च झाला ते मला विचारायचंच होतं.

सभा साडेअकराची होती. सुरू झाली १२ वाजून १० मिनिटांनी, संपली सव्वाला. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं आहे. ६५ मिनिटांत ३८ विषय. लिपिक वाचतात, 'विषय क्रमांक नऊ...' वाक्य पूर्ण व्हायच्या आत समोरच्या रांगेतून आवाज, 'मंजूर.' दहा, मंजूर. अकरा, मंजूर.

सतरावा विषय आला तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, 'साहेब, आमच्या वेटाळातल्या अंगणवाडीपुढची नाली तुंबलेली आहे. पाणी हापशीच्या ओट्यापर्यंत येते. लेकरं तिथलंच पाणी पितात. दर मंजूर करायच्या आधी ही नाली कोण उपसणार ते सांगा.' उत्तर आलं की हा विषय तो नाही. मागून एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, 'ताई, बसा ना. पहिलीच सभा आहे.' मी बसले.

आता इतिवृत्ताची प्रत मिळाली. विषय १७ खाली लिहिलं आहे, 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' सूचक एक सदस्य, आणि अनुमोदक म्हणून माझं नाव! मी कशालाही अनुमोदन दिलेलं नाही. नालीबद्दल अक्षर नाही.

अजून एक सांगते, कारण त्याचा याच्याशी संबंध आहे. लोक काम घेऊन घरी येतात आणि दारातून विचारतात, 'भाऊ हायेत का?' मी म्हणते, काम सांगा, सदस्य मी आहे. सुरुवातीला चाचरतात, मग सांगतात. अंगणवाडीच्या सेविकेने मात्र थेट मलाच सांगितलं होतं, निवडणुकीच्याही आधी. तिला मी शब्द दिला होता. उद्या तिने इतिवृत्त वाचलं तर तिला काय दिसेल?

इतिवृत्त दुरुस्त होतं का? विषय आधी समजून कसे घ्यायचे? आणि नालीसाठी पैसा कोणत्या खात्यातून येऊ शकतो? महिनाअखेर अंदाजपत्रकाची विशेष सभा आहे, तिच्या आधी मला तयार व्हायचं आहे.

---

उत्तर : जुना_सभालिपिक

ताई, मी ३१ वर्षं नगर परिषदेत नोकरी केली, तीन वेगवेगळ्या गावांत. त्यातली १९ वर्षं सभा लिपिक होतो. तुमचं नाव अनुमोदक म्हणून कसं आलं असेल ते मी सांगू शकतो, कारण ते काम मी या हाताने केलेलं आहे.

सभेत लिपिकाच्या मांडीवर कच्ची वही असते. तीत विषय क्रमांक आणि पुढे 'मं', 'तह', 'नामं' एवढंच. मंजूर, तहकूब, नामंजूर. सभा संपली की आठ-दहा दिवसांनी तो बसून पक्कं इतिवृत्त लिहितो. ठरावाला सूचक-अनुमोदक लागतो. सभेत तर कोणी सूचना मांडलेली नसते, नुसता 'मंजूर'चा आवाज असतो. मग तो हजेरीपट घेतो आणि नावं वाटून टाकतो. मी पेन्सिलने यादी करायचो, म्हणजे एकच नाव लागोपाठ येऊ नये. सत्ताधारी सूचक, तर अनुमोदक दुसऱ्या बाजूचा टाकायचा, म्हणजे पुढे कोणी तक्रार करत नाही. नवीन सदस्यांची नावं तर हमखास टाकायचो. मला त्यात काही चूक वाटत नव्हती. साहेबांनीही कधी विचारलं नाही. एकदा एका कामाची चौकशी लागली आणि एक म्हातारे सदस्य माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, 'बाबू, मी त्या दिवशी तोंड उघडलं नव्हतं, आता तहसीलदार मले विचारून राहिले.' त्यांचं नाव मी टाकलं होतं. तेव्हापासून मी सभेतच विचारायला लागलो, 'सूचक कोण? अनुमोदक कोण?' सभा अर्ध्या तासाने लांबायची. लोक चिडायचे. पण मी विचारायचो.

म्हणून पहिली गोष्ट : तुमच्या नावाने लिहिलेलं अनुमोदन ही किरकोळ बाब समजू नका. उद्या त्या ठेक्यावर आक्षेप आला तर कागदावर तुम्ही आहात.

उपाय आहे, आणि तो सोपा आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय क्र. १ कायम एकच असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. लोकांना तो रिकामा विषय वाटतो, चहा येईपर्यंतचा. तुमच्यासाठी तोच सर्वांत मोठा विषय. पण तोपर्यंत थांबू नका. आजच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा. 'विषय क्र. १७ ला मी अनुमोदन दिलेले नाही. मी अमुक प्रश्न विचारला होता. इतिवृत्तात त्याप्रमाणे दुरुस्ती करावी.' चार ओळी पुरे. आवक विभागात, म्हणजे आलेली पत्रं घेतात तिथे, द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला लावा. सभेत विषय १ ला उभ्या राहून तो आवक क्रमांक वाचा आणि म्हणा, 'दुरुस्तीसह कायम करावे.' हे तीन शब्द लक्षात ठेवा.

आपला कायदा १९६५चा. महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. सभेचं कामकाज कलम ८१ मध्ये आहे. सर्वसाधारण सभेला सात पूर्ण दिवसांची नोटीस, विशेष सभेला तीन. सभा जनतेला खुली असते. इतिवृत्त मराठीत, पुस्तकात लिहायचं आणि ते बघायला मागता येतं. तुमच्या शहाण्या मतदारांना सांगा, येऊन मागे बसा. मागे दहा माणसं बसलेली असली की 'मंजूर'चा वेग आपोआप कमी होतो, हे मी १९ वर्षं पाहिलं.

माझ्या पहिल्या गावात रेकॉर्ड रूमच्या कपाटात १९२२च्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याच्या काळातली कार्यवाही पुस्तकं होती, जाड कापडी बांधणीची. पावसाळ्यात ती उन्हाला टाकायचं काम माझ्याकडे असायचं. एका विहिरीच्या गाळावर दोन-दोन पानं चर्चा. कोण काय म्हणालं, त्यावर दुसरा काय म्हणाला, मत कोणाचं कुठे गेलं, सगळं बोरूच्या अक्षरात. ते वाचून त्या विहिरीवर त्या साली काय झालं ते शंभर वर्षांनी समजतं. तुमचं इतिवृत्त वाचून तुमच्या नालीचं आज समजत नाही.

आता विषय समजून घेण्याचं. विषयपत्रिकेतली ओळ म्हणजे फक्त पाटी. माल टिपणीत असतो. प्रत्येक विषयाची त्या त्या विभागाने लिहिलेली टिपणी असते, तिच्यासोबत नस्ती, म्हणजे फाइल. नोटीस मिळाली त्याच दिवशी पत्र द्या : 'सर्व विषयांच्या टिपण्या उपलब्ध करून द्याव्यात.' नाही मिळाल्या तर सभेच्या दोन दिवस आधी कार्यालयात जा, सभा लिपिकाकडे बसा आणि वाचा. ३८ विषय वाचायची गरज नाही. एक तर 'कार्योत्तर' शब्द जिथे असेल ते वाचा. म्हणजे खर्च आधीच झाला आहे, तुमच्याकडून फक्त मोहोर हवी आहे. पाणी बंद पडलं, मोटार जळली, तर थांबता येत नाही. त्यासाठी कलम ५८ (२) खाली अध्यक्षांना तातडीचं काम करायला लावण्याचा अधिकार आहे, आणि तो असायलाच पाहिजे. पण मोटार खरंच जळली होती का, कोणत्या तारखेला, जुनी मोटार कुठे आहे, हे विचारायचा अधिकार तुम्हाला आहे. दुसरं, 'दर' शब्द असेल ते वाचा. आणि विषयपत्रिकेच्या तळाशी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असतं ना, तिथे कान टवकारून बसा. ज्याची टिपणी कोणी वाचलेली नाही असा विषय तिथूनच आत येतो. मी अशाच ऐनवेळच्या विषयात एक पूर्ण ले-आऊटचा रस्ता मंजूर झालेला लिहिला आहे.

आता तुमचा विषय १७. 'प्राप्त दर' म्हणजे निविदा उघडली, दर आले. टिपणीत तुलनात्मक तक्ता असतो : अंदाजपत्रकीय रक्कम किती, कोणी किती टक्के कमी किंवा जादा भरले. सगळे तो टक्काच बघतात. तुम्ही अटी-शर्ती बघा. नालीसफाईचा ठेका असेल तर त्यात मजूर किती, कोणती नाली किती दिवसांनी उपसायची, काढलेला गाळ किती वेळात उचलायचा हे लिहिलेलं असतं. सोबत नाल्यांची यादी जोडलेली असते. गाळ काढून काठावर ठेवला आणि तीन दिवस उचलला नाही की तो पुन्हा आत जातो. म्हणजे ताई, तुमचा प्रश्न विषयाला सोडून नव्हता. त्या विषयावर विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता. तुम्हाला 'हा विषय तो नाही' म्हणणाऱ्यांनी टिपणी वाचली नसावी.

ती यादी मागा. आधी ती बघा.

---

उत्तर : दोन_टर्म

मी दहा वर्षं सदस्य होतो, एकदा बांधकाम सभापती. वरच्या काकांचं सगळं कायद्याने बरोबर आहे, पण ताईंना एक सांगावंसं वाटतं. प्रत्येक विषयावर उभं राहिलं की दोन महिन्यांत तुम्ही 'विरोधक' ठरता. मग तुमच्या प्रभागाचं अंदाजपत्रक अभियंत्याच्या टेबलावर तळाशी जातं. कोणी नाही म्हणत नाही, फक्त होत नाही. मी पहिल्या वर्षी खूप भांडलो आणि माझ्या प्रभागात एक मीटर रस्ता झाला नाही. दुसऱ्या वर्षी नगर अभियंत्यासोबत सकाळी सहाला प्रभागात पायी फिरायला लागलो. एकही पत्र न देता चार नाल्या झाल्या. आरोग्य निरीक्षकाला त्या नालीवर घेऊन जा, अंगणवाडी सेविकेसमोर बोला. माणूस डोळ्याने बघतो तेव्हा वेगळा वागतो.

इतिवृत्तातलं नाव दुरुस्त करून घ्या, त्यात दुमत नाही. पण बाकीच्या सदतीस विषयांत सगळ्यांशी वैर घेऊ नका. आणि महिला व बालकल्याण समितीत नाव नसेल तर घालून घ्या. अंगणवाडीचा विषय तिथे आपोआप येतो.

---

उत्तर : जुना_सभालिपिक

दोन_टर्म साहेब, सकाळी सहाला फिरण्याचं तुमचं पटलं, ताईंनी ते करावंच. पण तुमच्या त्या चार नाल्या कोणत्या ठरावाने झाल्या, हे आज तुमच्यानंतरच्या सदस्याला सांगता येतं का? नाली फुटली तर दुरुस्ती कोणाची हे कागदावरूनच ठरतं. आवक घेणं म्हणजे वैर नाही. अदबीने लिहिलेलं पत्र कोणालाच बोचत नाही. 'सबब विनंती की' असं लिहिलं की झालं.

---

उत्तर : गुजरी_चौक

ताई, मी सभेतला माणूस नाही. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसतो, आमच्या गावात, तुमचं गाव वेगळं असंल. पण तुमचं वाचून लिहावं वाटलं.

दरसाली बाजाराच्या बैठकीचा, म्हंजे बसाचे पैसे वसूल कराच्या ठेक्याचा, हर्रास (लिलाव) होते. ठेका ज्याले सुटला त्याचे पोरं पावती फाडतात. टोपलीवाल्याचा दर वेगळा, गाड्यावाल्याचा वेगळा, असं ठरावात लिहेल असते म्हणतात. पण बाजारात दराचा फलक नाही. माही बहीण दोन जुड्या सांबार (कोथिंबीर) अन् थोडीशी मेथी घेऊन बसते, तिच्याकडून गाड्यावाल्याएवढे पैसे घेतात. पावतीवर रक्कम लिहेल नसते, नुसता शिक्का. काहून म्हटलं तर म्हणतात, नगर परिषदेत जाऊन विचार.

मी गेलो. तिथं सांगतलं, हर्रासाच्या अटीत फलक लावाचं लिहेल हाय, ठेकेदारानं लावाले पाह्यजे. मग लावत काहून नाही? याचं उत्तर कोणापाशी नाही. तुमच्या सभेत हर्रासाचा विषय येईल, मार्चच्या आधी येतेच. तवा तुम्ही एवढंच विचारा, फलक कुठं लागला? कोण्या ताईनं आमच्या सभेत हे विचारलं असतं तर माह्या बहिणीचे पैसे वाचले असते.

---

उत्तर : लेखा_शाखा

नालीच्या पैशाबद्दल आणि अंदाजपत्रकाच्या सभेबद्दल थोडं. मी एका नगर परिषदेत लेखा विभागात आहे.

उपसणं आणि बांधणं यांची खाती वेगळी. उपसणं हा रोजचा खर्च. तो साफसफाईच्या ठेक्यातून किंवा आस्थापनेवरच्या कामगारांकडून होतो, त्यासाठी वेगळा निधी मागायची गरज नाही. नवीन नाली बांधायची असेल तर मात्र निधीचं नाव लागतं. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचे ६० टक्के बंधित होते, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच. उरलेले ४० टक्के अबंधित, पण तेही पगाराला वापरता येत नव्हते. सांडपाण्याचं काम स्वच्छतेत मांडता येतं, मात्र आराखड्यात त्या कामाचं नाव असलं पाहिजे. वस्ती अनुसूचित जातीची असेल तर दलित वस्ती सुधार योजनेचा प्रस्ताव होतो, बाकी ठिकाणी दलितेतर वस्ती सुधारचा. जिल्हास्तर नगरोत्थान या राज्याच्या योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो, त्याला पाठपुरावा लागतो.

अंदाजपत्रक हातात आल्यावर पहिल्यांदा एकूण आकडा बघू नका. शिलकी आहे म्हणून बाकं वाजतात, पण शिल्लक कशी आली ते बघा. एकाच ओळीत तीन रकाने असतात : गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार वसुली, या चार ओळींत पहिला आणि तिसरा रकाना ताडून बघा. प्रत्यक्ष जमा निम्मी आणि अंदाज दुप्पट असं दिसलं, तर त्या वाढीव उत्पन्नावर मांडलेली कामं वर्षभर कागदावरच राहणार. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. ती वसूल होवो न होवो, मागणीत दिसतेच. लोक भरायला येतात, शास्तीचा आकडा बघतात आणि परत जातात. मी खिडकीवर बसून हे रोज बघतो, आणि परत जाणाऱ्यांत म्हाताऱ्या बाया जास्त असतात.

क वर्गाच्या नगर परिषदेला स्वतःचं उत्पन्न थोडं. १९९९ला जकात गेली तेव्हापासून तिच्या बदल्यात येणाऱ्या सरकारी अनुदानावर पगार चालतात. ते अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा, सफाई कामगारांचाही. ज्याचा पगार दोन महिने झाला नाही त्याला तुम्ही नाली दाखवणार आहात, हे मनात ठेवून बोला. तुम्ही बोलालच, तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

आणि स्वउत्पन्नातले ५ टक्के महिला व बालकल्याणाला, ५ टक्के दिव्यांगांना राखीव असतात. मागच्या वर्षी त्यातले प्रत्यक्ष किती खर्च झाले, तो रकाना सभेत मोठ्याने वाचा.

---

सातवा_प्रभाग

सगळ्यांची फार आभारी आहे. तुमची उत्तरं मी वहीत उतरवून घेतली. अठरा दिवसांत काय झालं ते सांगते.

इतिवृत्ताच्या दुरुस्तीचं पत्र दुसऱ्याच दिवशी दिलं. 'सबब विनंती की' लिहिलं. आवक विभागातल्या बाईंनी शिक्का मारला, पुसट उठला, मी पुन्हा मारायला सांगितला. सभा लिपिक तरुण आहेत. त्यांनी वाचलं, काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, 'ताई, पुढच्या वेळेपासून मी सभेतच विचारत जाईन.' मी इथलं उत्तर त्यांना दाखवलं नव्हतं.

विषय १७ ची नस्ती बघायला दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा मी शिवायचं काम पिशवीत घेऊन गेले आणि म्हटलं, मी इथे बसते, सापडली की सांगा. अर्ध्या तासात सापडली. नालीसफाईचाच ठेका आहे. यादी जोडलेली आहे, सहा पानांची. आमच्या वेटाळातली नाली त्यात आहे! दर आठ दिवसांनी उपसायची, गाळ त्याच दिवशी उचलायचा, असं स्पष्ट लिहिलं आहे. मला आधी रागच आला.

मग मी दोन_टर्म भाऊंचं ऐकलं. आरोग्य निरीक्षकांना सकाळी साडेसहाला नालीवर बोलावलं. ते आले. सोबत सफाईचे दोन कामगार होते, त्यातले एक काका बावीस वर्षांपासून हेच काम करतात. ते म्हणाले, 'बाई, आम्ही आठ दिवसाले येतोच. किराणा दुकानापासून हापशीपर्यंत काढतो. पुढची आमच्या यादीत नाही.' यादी काढून बघितली. खरंच तसं लिहिलं आहे : 'किराणा दुकान ते हापशी, ६० मीटर.' मी घरून मोजपट्टी आणली होती, कापड मोजायची. ती लहान पडली, म्हणून निरीक्षकांनी त्यांची मोठी फीत काढली. एक टोक किराणा दुकानाजवळ निरीक्षकांनी धरलं, दुसरं अंगणवाडी सेविकेने. फीत जमिनीला लागू नये म्हणून मधे दोन पोरींनी हातावर धरली. नाली भरली ७४ मीटर. हापशीपासून अंगणवाडीच्या पायरीपर्यंतचे १४ मीटर नंतर कधीतरी दुसऱ्या योजनेतून बांधले, असं काका म्हणाले. ते कोणत्याच यादीत चढले नाहीत. वरचे ६० मीटर दर आठवड्याला साफ होतात आणि सगळा गाळ वाहून या १४ मीटरमध्ये येऊन बसतो. पाणी पुढे जात नाही, मागे फिरतं आणि ओट्याला लागतं.

इतकी वर्षं सगळे म्हणत होते की सफाईवाले येत नाहीत. ते येत होते. मी सुद्धा सभेत तसंच बोलले असते तर त्या काकांवर अन्याय झाला असता.

काकांनी त्या दिवशी यादीत नसताना ते १४ मीटर काढून दिले. दीड तास लागला. तळाशी शाळेच्या बुटाचा एक तळवा आणि पऱ्हाटीच्या काड्यांचा गठ्ठा निघाला. ओटा आता कोरडा आहे. हापशीच्या पाण्याचा नमुना तपासणीला पाठवायचं निरीक्षकांनी कबूल केलं आहे.

अंदाजपत्रकाची सभा परवा आहे. चार ओळी आणि तीन रकाने मी ताडून ठेवले आहेत, पाणीपट्टीचा फरक सर्वांत मोठा निघाला. हर्रासाच्या अटींमध्ये फलकाचं वाक्य आमच्याकडेही आहे, गुजरी_चौक दादा, आणि फलक आमच्याकडेही नाही. ते विचारणार आहे.

एकच विचारते, सभालिपिक काका. हे १४ मीटर ठेक्याच्या यादीत चढवायचं पत्र मी इतिवृत्ताच्या पत्रालाच जोडून देऊ का? संदर्भ एकच आहे म्हणून.

---

जुना_सभालिपिक

नाही ताई. जोडून देऊ नका. जोडलेलं पत्र आधीच्या नस्तीत जातं आणि तिथेच झोपतं. वेगळा अर्ज, वेगळा विषय, वेगळा आवक क्रमांक. मोजणीच्या वेळी कोण कोण हजर होतं त्यांची नावं लिहा, सेविकेची सही घ्या, त्या सफाईच्या काकांचीही घ्या. उद्या सकाळी आवक उघडताच द्या, परवाच्या सभेआधी शिक्का पडला पाहिजे.

आणि त्या दोन पोरींचीही नावं लिहा. फीत त्यांनीही धरली होती.